पाच पेल्यांचा पत्ता

“हात जरा वर घ्या,” थोरली म्हणाली, तशी सिस्टरने झाडूची दांडी आणखी थोडी उचलली आणि मान ताठ केली.

“आता दिसते का राणी?”

“दिसता. फक्त जांभई देऊ नका.”

“राण्यांना जांभया येत नाहीत वाटतं. मजा आहे त्यांची.”

आतल्या खोलीत सासूबाईंचं घोरणं एका लयीत चालू होतं. ते चालू असेपर्यंतच ही बैठक चालायची. ते थांबलं की सिस्टर झाडू भिंतीला टेकवून आत पळायची आणि कागदावरची दंडांची राणी अर्धवट राहायची. थोरलीने बशीत तपकिरी रंग कालवला आणि त्यात निळ्याचा थेंब सोडला. त्या गालावरची सावली काळी नव्हती, निळसर होती. एवढं समजायला तिला बरेच कागद फाडावे लागले होते.

घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. ती थोरली सून म्हणून आली. पुढे धाकटी परदेशी गेली, नवरा वारला, घरात सासू-सून दोघीच उरल्या, तरी नाव तेच राहिलं. उभा जन्म तिने दुसऱ्यांनी सांगितलेली चित्रं काढण्यात घालवला होता. पाठ्यपुस्तकातली शहाणी मुलं, साबणाच्या वेष्टनावरच्या बायका, कॅलेंडरवरचं हसरं कुटुंब. दर वेळी टेबलापलीकडून कोणीतरी म्हणायचं, “छान झालंय, पण चेहरा जरा उजळ करा.” ती करून द्यायची. आता या वयात फोन यायचे ते “मॅडम, जरा गडद करा” म्हणून. हुकूम उलटा झाला होता, एवढंच. हेही ती करून देत होती.

काम टॅरोचं होतं, भविष्य बघायच्या पत्त्यांचं. थोरलीचा भविष्यावर विश्वास नव्हता. तिला उद्याच्या भाजीचंही नक्की सांगता यायचं नाही. पण प्रकाशकांनी नमुन्यासाठी पाठवलेले जुने संच तिने नीट पाहिले होते. राजे, राण्या, भिकारी, देवदूत, अगदी सैतानसुद्धा, सगळे एकाच गोऱ्यापान घराण्यात जन्मल्यासारखे. नव्या संचात सगळ्या वर्णांची, सगळ्या वंशांची माणसं हवी होती. “पत्ता उचलला की त्यात आपल्यासारखं कोणीतरी दिसायला हवं ना,” संपादिका पहिल्या भेटीत म्हणाली होती, आणि थोरलीला ते मनापासून पटलं होतं.

संपादिकेने ढीगभर फोटो पाठवले. पण फोटोवरून काढलेला माणूस फोटोतल्यासारखाच अवघडून बसतो. त्याच सुमारास सासूबाई न्हाणीघरात पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि घरात सिस्टर आली. ती फार लांबून या शहरात आली होती. तिकडे ती इस्पितळात नर्स होती. इथे तिच्या सर्टिफिकेटला कोणी विचारेना, म्हणून घरोघरी म्हातारी माणसं सांभाळायची. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी तिच्या रंगावरून नाक मुरडलं, तिच्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणाल्या. सिस्टर पेला घेऊन नुसती बसून राहिली. तहान लागल्यावर म्हातारीने तोंड उघडलं. आता दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला तर ते तोंड कुलूप लावल्यासारखं मिटायचं.

झाडूच्या आधी सोफ्यावरची उशी झाली होती. उशी म्हणजे सिंह, आणि त्याचा जबडा हाताने मिटणारी ती म्हणजे ‘शक्ती’. त्याआधी स्वयंपाकघरातला पाण्याचा जग हातात घेऊन ती तळ्यात पाणी ओतणारी ‘तारका’ झाली होती.

घोरणं अजून चालू होतं. सिस्टरने हात खाली घेतला, मनगट चोळलं आणि खिडकीखाली वाळत ठेवलेले पत्ते वाकून बघू लागली.

“ही कोण?”

काळा झगा पांघरलेली एक बाई खाली मान घालून उभी होती. पायाशी तीन पेले कलंडलेले, मागे दोन उभे. तिला मागच्या दोहोंचा पत्ताच नव्हता.

“पाच पेले. दुःखाचा पत्ता. कोणीतरी गेलंय तिचं.”

“ही गोरी आहे.”

“हो.”

“हा सैतान पण गोरा. हा चोर... हाही. आणि ही बर्फात लंगडत चाललीत दोघं, तीसुद्धा.” सिस्टर सरळ उभी राहिली. “आमच्यातलं कोणी नाही इकडे.”

“वरून तसं सांगितलंय,” थोरली ब्रश धूत म्हणाली. “तुमच्या लोकांना वाईट पत्त्यांवर घालायचं नाही. लोक नावं ठेवतील म्हणे.”

सिस्टर हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“म्हणजे आमच्या बाईनं हा पत्ता उचलला, तर तिच्या बदली रडायला ही गोरी बाई येणार होय? चांगली सोय आहे, ताई! मला आधी सांगितलं असतं तर!”

आतून सासूबाईंचा आवाज आला. “कसला दंगा गं? मेले की काय मी?”

“नाही, आजी, अजून नाही,” सिस्टर झाडू टेकवत म्हणाली.

“मग मृत्यूच्या पत्त्यावर मला बसव म्हणावं थोरलीला. हाडं तयारच आहेत, वेगळी काढायला नकोत.”

थोरलीही हसली. पण संध्याकाळी तिने तो पाच पेल्यांचा पत्ता पुन्हा उजेडात धरला. चित्र बरं होतं. त्यातली बाई दुःखी होती म्हणजे तिने मान खाली घातली होती, इतकंच.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सिस्टर नेहमीसारखी आली, चपला काढल्या, हात धुतले. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नसे, पण तोंड पुसून घेताना त्यांनी तिचं बोट धरून ठेवलं.

“हात गार का तुझा?”

सिस्टरने बोट सोडवून घेतलं. दूध गरम करायला स्वयंपाकघरात आली तेव्हा थोरली तिथेच होती. तिच्याकडे न बघता सिस्टर म्हणाली, “माझी धाकटी बहीण गेली, ताई. परवा. काल कळलं.”

थोरलीने गॅस बंद केला. “मग तुम्ही आलात कशाला? घरी जा. मी बघते आईंचं.”

“घरी कोण आहे? सगळे कामावर. तिकडे जायचं तर पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार.” तिने गॅस परत लावला. “इथंच बरं आहे. आजी निदान कटकट करतात.”

दुपारी सासूबाई झोपल्या. सिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसली होती. हातात चहा होता, तो तिने घेतला नव्हता. झोपमोड झालेल्या माणसासारखी ती एकटक फरशीकडे बघत होती. रडत नव्हती. खांदे तेवढे उतरले होते, जसे ओझं खाली ठेवल्यावरही हमालाचे उतरलेलेच राहतात. थोरली पलीकडच्या खोलीत आपल्या टेबलाशी होती. उघड्या दारातून तिला सगळं दिसत होतं. उठून जावं, जवळ बसावं, असं तिच्या मनात आलं. तिने खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. मग खुर्ची तिथेच राहिली आणि हात पेन्सिलीकडे गेला.

तिने ते चित्र झपाटल्यासारखं पूर्ण केलं. गेल्या कित्येक वर्षांत असं काही तिच्या हातून उतरलं नव्हतं. झगा तोच, कलंडलेले पेले तेच, पण आतली बाई आता कोणाच्या तरी घरातून उठून आली होती. रंग वाळल्यावर तिने फोटो काढला आणि संपादिकेला पाठवून दिला.

लगेच फोन आला.

“मॅडम, चित्र म्हणून अप्रतिम आहे. पण आपलं ठरलं होतं ना?” संपादिका वयाने लहान होती, सरळ होती, आणि आवाजावरून दिवसभर फोनच करत असावी. “ज्यांचे चेहरे आजवर कुठे आलेच नाहीत त्यांना आपण पहिल्यांदा आणतोय. आणून रडवायचं?”

एरवी थोरली ‘बरं’ म्हणाली असती. बरं म्हणण्यात तिची हयात गेली होती.

“त्यांना रडायची परवानगी नाही का?” ती म्हणाली. “सिंहासनावरच बसवून ठेवायचं? त्यांच्यातल्या एखादीने पत्ता उचलला आणि तिच्या बदली दुसरीच कोणी रडताना दिसली, तर तिने काय समजायचं?”



“मी वर बोलून बघते,” संपादिका म्हणाली.

फोन ठेवल्यावर थोरलीच्या लक्षात आलं, की यातलं एकही वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सगळ्यांना चित्र फार आवडलं होतं. मीटिंगमध्ये कोणाचे तरी डोळे भरून आले होते. “आणि मॅडम, आनंदाची बातमी. पेटीच्या झाकणावर हेच घेतोय आपण. दुकानात समोर हीच दिसणार. मूळ चित्र लवकर पाठवा.”

थोरली फोन हातात धरून बसून राहिली. जिंकल्यावर माणसाला कसं वाटतं हे ती विसरली असावी. तिला फक्त पाठ टेकावीशी वाटत होती.

सिस्टर सासूबाईंचे कपडे घड्या घालत होती. थोरलीने चित्र आणून तिच्यासमोर पलंगावर ठेवलं.

“हे बघा. आधी दाखवायला हवं होतं.”

सिस्टरने हातातली घडी पूर्ण केली, मग चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सासूबाई छताकडे तोंड करून पडल्या होत्या, त्यांनी “काय आहे गं?” विचारलं.

“त्या दिवशीची मी,” सिस्टर म्हणाली.

“हो. तुम्ही म्हणाला होतात ना, आमच्यातलं कोणी नाही इकडे. मी भांडले त्यांच्याशी. झाकणावर घेतायत आता.”

“झाकणावर?”

“पेटीच्या. सगळ्यात वर.”

सिस्टरने दुसरा कपडा उचलला, तो नुसताच हातात धरून ठेवला.

“मी हसले होते, ताई. चेष्टा केली होती.”

“पण बरोबर बोलला होतात.”

“बरोबर बोलले होते. काढा की रडणारी काळी बाई, खुशाल काढा. पण ही नको.” तिचा आवाज चढला नव्हता, पेशंटला औषधाची मात्रा सांगावी तसा होता. “मी तुमच्या स्वयंपाकघरात बसले होते. कोणाला दाखवायला नव्हते बसले. माझ्या बहिणीसाठी मी एवढंच केलं, तिथं बसले. ते दुकानात नको.”

थोरलीने चित्र उचललं नाही. तिला त्याला हात लावावासा वाटेना.

“दुसरी काढा कोणी,” सिस्टर म्हणाली.

“दुसरी कोण?” थोरलीच्या तोंडून निघून गेलं. “तुमच्यातलं मी तुम्हालाच तर ओळखते.”

म्हटल्यावर तिला ते ऐकू आलं. सिस्टरलाही आलं. तिने थोरलीकडे पाहिलं, आणि बहिणीच्या बातमीनंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं.

“ते मी मागेच पाहिलंय. राणी मी, सिंहवाली मी, तारेवाली मी. तो म्हातारा कंदीलवाला आहे ना, त्यालासुद्धा माझंच नाक आहे. लोकांना वाटेल, आमच्यात एकच बाई आहे आणि तिलाच सगळी कामं.”

“खरंच आहे मग ते,” सासूबाई छताला म्हणाल्या. “या घरात तरी.”

 सिस्टरने राहिलेले कपडे घड्या घालून कपाटात ठेवले. निघताना चपला घालता घालता ती दारात थांबली.

“रविवारी आमच्याकडे सगळे जमणार आहेत. तिच्यासाठी. सगळ्यांना तोच दिवस सुट्टी.” तिने पट्टा लावला. “तुम्ही या. बसायला या. काढायला नको.”

थोरलीने दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला.

“झाकणाला ते चित्र मिळणार नाही. आत पण नाही.”

“मॅडम, तुम्हीच भांडलात त्यासाठी!”

“हो.”

“सगळ्यांनी मान्य केलंय. मी वर काय सांगू आता?”

“सांगा, ज्या बाईचं आहे तिने नाही म्हटलं.”

संपादिकेने मोठा श्वास सोडला. “मग पाच पेले कोण? ती आधीचीच?”

“नाही. थांबावं लागेल.”

“किती?”

“ते मला अजून माहीत नाही,” थोरली म्हणाली. “आणि त्या कंदीलवाल्याचा चेहराही बदलायचाय. आणखीही काही.”

पलीकडून ‘बघते’ असं आलं, पण त्यात बघण्याची फारशी उमेद नव्हती. छपाईची तारीख चुकली तर काम दुसऱ्याकडे जाऊ शकतं, हेही संपादिकेने सभ्यपणे सांगून ठेवलं. थोरली ‘बरं’ म्हणाली. चित्र तिने पातळ कागदात गुंडाळून सिस्टरला दिलं. सिस्टरने ते उघडून पाहिलं नाही. डब्याच्या पिशवीत उभं घातलं आणि घेऊन गेली.

रविवारी शेजारच्या बाईंना सासूबाईंजवळ बसवून थोरली निघाली. “मी कुठे पळून जातेय?” सासूबाई म्हणाल्या. “जा. आणि तिला म्हणावं, उद्या येताना लवकर ये.”

सिस्टरचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडे, एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आपल्या चपला ठेवायला जागा करताना थोरलीला कोणाच्या तरी चार जोड्या सरकवाव्या लागल्या. आत एकच खोली, आणि खोली भरून बायका. कोणी पलंगावर, कोणी जमिनीवर, कोणी दाराच्या चौकटीत. बऱ्याच जणी कामाच्या कपड्यांतच आल्या होत्या. एकीच्या खिशाला अजून कुठल्याशा हॉटेलची पाटी लटकत होती.

सिस्टरने तिला पाहिलं, मानेनेच या म्हटलं, आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली. सगळ्यांनी वळून थोरलीकडे बघितलं. काय सांगितलं असेल, कोण म्हणून सांगितलं असेल, हे विचारायची सोय नव्हती. मग भिंतीकडेच्या दोघीतिघी सरकल्या आणि एका माणसापुरती जागा झाली. थोरली त्या जागेत बसली.

बोलणं पुन्हा सुरू झालं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे ती चेहऱ्यांकडेच बघत राहिली. समोरच्या म्हातारीचं कपाळ रुंद आणि नाक बसकं होतं. तिच्याशेजारची लांबट चेहऱ्याची, गालावर तिळांचा सडा पडलेली. एकीचा रंग तर थोरलीहूनही उजळ होता. पलंगावर बसलेली काहीतरी सांगता सांगता मध्येच हसली, बाकीच्याही हसल्या, आणि हसता हसता सिस्टर रडू लागली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. अशी रडणारी थोरलीने कधीच काढली नसती. असं रडतात हे तिला माहीतच नव्हतं.

थोरलीचं बोट गुडघ्यावर हलत होतं, समोरच्या म्हातारीच्या कपाळाची रेघ ओढत. तिने ते पाहिलं आणि दोन्ही हात एकमेकांत अडकवून मांडीत ठेवले.

उशिराने आणखी एक बाई आली. वयाने थोरलीएवढीच असेल. अंगावर झाडलोटीचा निळा कोट, पायांना सूज. ती सिस्टरच्या डोक्यावरून हात फिरवून आली आणि जागा मिळेल तिथे, म्हणजे थोरलीशेजारी, धपकन बसली. थोडा वेळ ऐकत होती. मग तिची मान कलली, सावरली, पुन्हा कलली, आणि शेवटी थोरलीच्या खांद्यावर येऊन टेकली. श्वास संथ झाला. तिच्या केसांना साबणाचा आणि धुळीचा वास होता.

खोलीच्या पलीकडून सिस्टरने ते पाहिलं. डोळे पुसत तिने खुणेने विचारलं, उठवू का तिला?

थोरलीने मान हलवली नाही. मान हलवली असती तर खांदाही हलला असता. तिने मांडीतला हात थोडासा उचलला आणि खाली घेतला. राहू दे.